मासा मीच धरला होता

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तो मासा मी धरला होता. विकत घेतला नव्हता. आमच्या भाऊबंदांनी आजवर काय काय पसरवलं असेल ते असो. गळ माझ्या हातात होता आणि मासा त्या गळाला होता.

आमचं गाव दोंडाईच्यापासून आत, तापीच्या काठाला. आबा, म्हणजे माझे वडील, शेतकरी; पण शेतातून मोकळे झाले की त्यांचा मुक्काम डोहावर. त्यांनी गळ टाकला की मासा लागायचाच. मला मात्र जन्मात कधी लागला नाही. गावात माझं नाव पडलं 'कोरडा हात'. पुढे मी दोंडाईच्याला जिनिंगमध्ये कारकुनी धरली, आबांचे गुडघे गेले आणि त्यांचा डोह सुटला. एकदा ओट्यावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "समुद्रना मासा कधी खादा नही रे. तुना हातना एक खावाड."

माझ्या हातचा! बापाने कोरड्या हाताकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी ते मनावर घेतलं.

माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, सुरतेला मागावर कामाला होता. जिवाला जीव देणारा माणूस, पण एक नंबरचा थापाड्या. त्याने पाऊस पडतोय म्हटलं तर लोक अंगणात हात काढून बघायचे. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, थंडीचे दिवस होते. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो, तापीकाठची गांडुळं मातीसकट डब्यात भरली आणि सुरतेची गाडी धरली.

रविवारी सकाळी मेहुण्याबरोबर किनाऱ्यावर पोचलो, तर समुद्र जागेवर नाही. नजर पोचेल तिथवर चिखल.

"आटला?" मी विचारलं.

"येईल दाजी, येईल," मेहुणा म्हणाला.

मला हे अजिबात पटलं नाही. आमची तापी उन्हाळ्यात आटते, पण मागे डोह तरी ठेवते. पाहुणा दारात आणि घरधनी बाहेर, ही कुठली रीत? मग तो आला तो असा आला की धोतर वर धरून पळता भुई थोडी झाली. शेवटी खाडीच्या तोंडाशी एका दगडावर बसलो. दोरी पाण्यात, पाय पाण्यात. दुपार कलल्यावर दोरीला असा हिसका बसला की बोटाची कातडी सोलली. मी सोडली नाही. ओढला, काढला, आणि वाळूवर पडून हसत सुटलो. हातभर लांब, पांढरा लखलखीत मासा. मेहुण्याने डोळ्यांनी पाहिला.

मीठ चोळून तो घासलेटच्या रिकाम्या डब्यात घातला. डबा आखूड पडला, मुंडकं बाहेर राहिलं. राहू दे म्हटलं. आमच्याकडे मुंडक्याचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा; ते आबांच्या ताटात पडायला हवं होतं.

मेहुणाही बहिणीला भेटायला म्हणून माझ्याबरोबर निघाला. गाडीत समोर एक शेठाणी बसली होती. तिची नजर डब्यावर गेली आणि तिने आकांत मांडला. "आ मारी सामे जुए छे!" मेलेला मासा, तो काय बघणार? पण गाडीतली सगळी माणसं तिच्या बाजूने उठली. मासा फेका नाहीतर उतरा! मी भांडत होतो. तेवढ्यात मेहुण्याने खिशातला चाकू काढला, मुंडकं कापलं आणि खिडकीतून भिरकावलं. "झालं! मिटलं!" म्हणाला. अरे गाढवा, शेपटी कापून मासा खाली सरकवला असतास तर? माझी तळपायाची आग मस्तकाला गेली.

घरी आबा ओट्यावर भाऊबंदांना जमवून वाट बघत बसले होते. डब्यात वाकून त्यांनी विचारलं, "मुंडकं कोठे शे?"

मी सगळं सांगितलं. आबा हसले. "जो सोता धरस, तो मुंडकं फेकस का रे? इकतना शे." म्हणजे विकतचा!

बोटाची सोललेली कातडी दाखवली. ती म्हणे डब्याच्या पत्र्याने कापली असेल. मग आबा मेहुण्याकडे वळले. "पाव्हना, तुम्हीन सांगा. कोनी धरा?"

एकच वाक्य बोलायचं होतं त्याला. दाजींनी धरला. बस्स. पण जित्याची खोड! "आबा, वासरूइतला व्हता! दाजीले समुद्रमा वढी ली जात व्हता. मी पाय धरात म्हनीसन वाचनात!"

ओट्यावरची माणसं पोट धरधरून हसली. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे तो खऱ्याच्या कपाळी बसला. आबांनी मासा मात्र चवीने खाल्ला, काटे चोखून चोखून.

पुढे काही वर्षांनी आबा अंथरुणाला खिळले. शेजारचे नाना भेटायला आले होते, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. आबा त्यांना कौतुकाने सांगत होते, "मन्हा पोऱ्याने माले समुद्रना मासा खावाडा. इकतना व्हता, पन गोड व्हता."

माझ्याने राहवलं नाही. "आबा, मी धरला होता तो."

आबांनी माझा हात थोपटला. "हा, हा," म्हणाले, रडणाऱ्या लेकराला म्हणावं तसं.

आबा गेले. त्या 'हा, हा'चा राग मात्र अजून गेलेला नाही.