झाकणावरचा हात

आमची आई सोनं भाजते. खाणीवरची माणसं वाळूतलं सोनं पाऱ्यात धरून त्याचा गोळा आणतात. त्या गोळ्याखाली जाळ लावला की पारा उडून जातो आणि तव्यात पिवळंधमक सोनं उरतं. हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात, दुधाच्या पातेल्याशेजारी. आईचा हात आता इतका थरथरतो, की चहा देताना अर्धा बशीतच सांडतो. "मावशी, कप तरी कशाला देता?" म्हणून लोक चेष्टा करतात, तीही हसते. माझी थोरली बहीण खिडकीशी बसून हा उद्योग बघत असते. ताईला जन्मापासून बोलता येत नाही.

माझ्या बायकोला दिवस गेले आणि दवाखान्यातल्या नर्सने बजावलं, की पाऱ्याची वाफ पोटातल्या बाळाला बाधते. आईने त्याच आठवड्यात झाकणाचं, नळीवालं भांडं आणलं. यात वाफ नळीतून गार होत खाली येते आणि पारा पाण्याच्या वाटीत जमतो. पण झाकलेलं भांडं सोनं गिळतं, अशी खाणीवर सगळ्यांची पक्की समजूत. मुकादमाने तोंडावर सांगितलं, "डोळ्यांसमोर भाजणार असाल तर येऊ. नाहीतर दुसरं घर बघतो." मुकादम फिरला की सगळेच फिरणार, मग आम्ही खायचं काय?

शेवटी हो-ना करत त्याने एक गोळा दिला. जाळ विझवला तरी भांडं तापलेलंच होतं, आणि त्याचा धीर सुटला.

"काढा झाकण."

"गार होऊ दे. आत अजून वाफ आहे."

"आत काय चाललंय कोणास ठाऊक!" त्याने सांडशी उचलली.

बायको पलीकडच्याच खोलीत होती. मी उठेपर्यंत आईने झाकणावर उघडा तळवा दाबला. कातडी चरचरली. तो हात मात्र जरासुद्धा थरथरला नाही.

मुकादमाने सांडशी खाली ठेवली, तेव्हाच तिने हात काढला.

भांडं निवल्यावर सोनं निघालं ते मळकट, तपकिरी. मुकादमाचा चेहरा पडला. त्याने ते नखाने घासलं, पिवळं दिसलं. स्वतःच्या तराजूत टाकलं. नेहमीच्या हिशोबात घट नव्हती.

"बरं," तो पुटपुटला. "पुढचाही यातच टाका."

माझा जीव भांड्यात पडला. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. पोळलेला हात तसाच धरून ती नळीखालच्या वाटीकडे बघत होती. तळाशी चांगला चमचाभर पारा जमला होता.

"हा एका गोळ्याचा," ती म्हणाली. "तुझी ताई पोटात होती तेव्हा मी दिवसभर भाजायचे."

ताई उठून आली. तो चकाकता पारा बघून खुदकन हसली आणि तिने बोट पुढे केलं. आईने वाटी ओढून घेतली आणि हंबरडा फोडला.