ताईचं कॉलेज आणि माझं

आम्ही दोघी जुळ्या. ती थोडी आधी जन्मली, एवढ्यावरून घरात ती ताई झाली आणि मी कायमची धाकटी. वडील केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. दिल्लीत, नेताजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. शाळा एक, बाक एक, पुस्तकंही बहुतेक एकाच जोडीची. गणित मला तीच समजावून सांगायची.

बारावीची परीक्षा तोंडावर आली असताना मला कांजिण्या आल्या. अगदी हलक्या. शेजारच्या आंटी 'माता आई है', म्हणजे देवी आली, असं म्हणत दाराला कडुलिंबाची डहाळी बांधून गेल्या. आईनं ताईला दुसऱ्या खोलीत झोपवलं, पण मी एकटी कंटाळते म्हणून ताई उंबऱ्यात बसून मला इतिहास वाचून दाखवायची. ऐन परीक्षेत तिला कांजिण्या आल्या, आणि त्या हलक्या नव्हत्या. गणिताचा पेपर तिनं शाळेतल्या एका वेगळ्या खोलीत, अंगात ताप असताना लिहिला. बाहेर आल्यावर म्हणाली, "आकडे हलत होते गं."

मला उत्तर दिल्लीतल्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला, ज्याचं नाव सांगितलं की वडिलांच्या ऑफिसातले साहेबसुद्धा खुर्चीत सरळ बसत. ताईचं थोडक्यात हुकलं. ती घराजवळच्या मुलींच्या कॉलेजात गेली. पेढे एकदाच वाटले गेले, माझ्या नावाचे. ताईनंच ते कॉलनीत फिरून वाटले.

यात माझी काही चूक नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं. पण सकाळी विद्यापीठाची बस पकडायला निघाले की मला तिच्या खांद्यावरची दुपट्ट्याची घडी दिसायची आणि आपण कुणाच्या तरी जागेवर बसायला चाललोय असं वाटायचं.

आमचं शिक्षण संपलं तेव्हा परदेशी कंपन्या गुडगावात यायला लागल्या होत्या. एका बाजूला मोहरीची शेतं आणि दुसऱ्या बाजूला काचेची अर्धवट इमारत, असं ते गुडगाव. त्यातली एक कंपनी थेट आमच्या कॉलेजात आली. मुलाखत घेणारे गृहस्थ आमच्याच कॉलेजचे निघाले. कँटीनमध्ये अजून तेच कटलेट मिळतं का, असं त्यांनी विचारलं. वादविवाद मंडळाबद्दल विचारलं. कामाचं काहीच विचारलं नाही. मला नोकरी लागली.

पुढे त्याच कंपनीनं पेपरात जाहिरात दिली. मीच ताईला म्हटलं, "तू ये ना. तू तर माझ्यापेक्षा हुशार आहेस." ती आईची नारायणपेठी नेसून आली. मी काचेच्या भिंतीआडून बघत होते. ती फार लवकर बाहेर आली.

"काय विचारलं?"

"कॉलेज कुठलं ते विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, हे कुठे आलं?"

"आणि?"

"आणि मी पत्ता सांगितला," ताई म्हणाली. "ए.सी. मात्र छान आहे हं तुमचा."

मी तिला बसमध्ये बसवून दिलं आणि परत येऊन माझ्या टेबलाशी बसले. त्या दिवशी मला एक ओळ धड टाइप करता आली नाही.

काही महिन्यांनी ताईला पानिपतला नोकरी लागली. चादरी आणि सतरंज्या परदेशी पाठवणारा एक व्यापारी होता, त्याला इंग्रजीत पत्रव्यवहार करणारं आणि हिशेबात पक्कं असं माणूस हवं होतं. वडील कळवळून म्हणाले, "अगं, पानिपत? मराठी माणसानं?"

"बाबा," ताई म्हणाली, "या वेळी आपण रोज संध्याकाळी परत येणार आहोत."

आणि खरंच ती कित्येक वर्षं रोज ट्रेननं गेली आणि आली. तिच्या कपड्यांना रंगाच्या भट्टीचा वास यायला लागला. सूत, वीण, पक्का रंग, कच्चा रंग, सगळं ती कारखान्यात उभ्यानं शिकली. मी तेवढ्या काळात दोनदा बढती घेतली. आमच्या मजल्यावर माझ्या कॉलेजची इतकी माणसं होती की जेवणाच्या सुट्टीत वर्गात बसल्यासारखं वाटे. ताईचं लग्न झालं, मुलगी झाली. मग केव्हातरी त्या व्यापाऱ्यानं धंद्यात तिला भागीदार करून घेतलं. आज जर्मनीची माणसं येतात ती तिला भेटायला, आणि ती नाही म्हणाली तर माल उचलत नाहीत.

मला केवढा सुटल्यासारखा आनंद झाला! मी जिथे तिथे तिचं उदाहरण द्यायला लागले. एकदा माझ्या गुडगावच्या फ्लॅटवर जेवायला पाहुणे होते, ताईही होती. ताईची मुलगी तेव्हा बारावीत होती, म्हणून विषय निघाला. मी पुऱ्या वाढता वाढता म्हणाले, "कॉलेज-बिलेज काही नसतं हो. आमच्या ताईकडे बघा."

ताई पानातली पुरी मोडत राहिली. स्वयंपाकघरात मात्र माझ्या मागून आली आणि दार लोटून घेतलं.

"हे तू म्हणू नकोस," ती म्हणाली. "मी म्हणेन वाटलं तर. तुला जिथून सुरुवात करायला मिळाली ना, तिथवर पोचायला माझी बारा-पंधरा वर्षं गेली. ती तू एका वाक्यात पुसून टाकतेस."

"ताई, मला फक्त... मला इतकं अपराधी वाटतं गं."

"माहितीये. पण ते मी किती दिवस सांभाळू? चल, पुऱ्या गार होतायत."

ताईच्या पोरीचं नाव माझ्या त्याच कॉलेजच्या यादीत लागलं. ताईनंच हट्ट धरला होता. पहिल्या दिवशी आम्ही दोघी तिला सोडायला गेलो. "मावशी, मम्मा, तुम्ही आता जाओ ना यार," म्हणत ती गर्दीत दिसेनाशी झाली. परतताना विद्यापीठाजवळच्या रिज नावाच्या टेकडीवरच्या झाडांतून मी गाडी चालवत होते. ताई शेजारी बसली होती.

"मी एकदा आले होते इथे," ती अचानक म्हणाली. "तू सेकंड इयरला असताना. म्हटलं, बघू तरी. तू लॉनवर मैत्रिणींबरोबर बसली होतीस. सगळ्या इंग्रजीत बोलत होतात, हसत होतात."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मी हाक मारली असती तर तुला मराठीत ओ द्यावी लागली असती." ती खिडकीबाहेर बघत होती. "आणि तू दिली असतीस. लगेच उठून आली असतीस, माहिती होतं मला. पण मग तुझं हसणं थांबलं असतं."

 ताईनं पर्समधून फोन काढला आणि पानिपतच्या कारखान्यात कुणाला तरी हिंदीत झापायला सुरुवात केली, कारण निळ्या रंगाची एक खेप फिकट आली होती.