धूसर तुकड्यांची माळ

ज्वँव्हीलमधले सगळे कॅमेरावाले लेओंतीन गारिगूच्या कात्रीला टरकून असत. मार्न नदीकाठच्या फिल्म धुण्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं तिचं एकच काम. निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर धरायची आणि डाग, ओरखडा, धूसरपणा दिसला की कचकन कापायचं. एवढ्यावर थांबेल तर ती लेओंतीन कसली! कापलेले तुकडे ती दोऱ्यात ओवायची आणि शनिवारी पुलाजवळच्या कॅफेत, ज्याचे असतील त्या कॅमेरावाल्याच्या गळ्यात चारचौघांसमोर घालायची. हशा पिकायचा. बाई खूश.

त्या सोमवारी सकाळी तरुण दिग्दर्शक वोक्लँ आपल्या चित्रपटाची पहिली प्रत बघायला आला. पडद्यावर मालवाहू होडीवरची बायको सोडून चाललेल्या नवऱ्याकडे वळली आणि पुढच्या क्षणी एकदम रिकामा किनारा!

"थांबवा! माझे अश्रू कुठे गेले?"

"ती रडतेय की चांगली धाय मोकलून," लेओंतीन म्हणाली.

"तिचे नाही हो, मादाम! आपले! नवरा आपल्याला तिच्या भरल्या डोळ्यांतून धूसर दिसायला हवा. भिंगावर रेशमी मोजा ताणून चित्रण केलं होतं आम्ही. अकरा तुकडे होते!"

अकरा. लेओंतीननेच मोजून ओवले होते.

पुन्हा चित्रण करायची सोय नव्हती. होडी बेल्जियमला गेली होती, नट दुसऱ्या कंपनीत. कारखान्याचा मालक एवढंच म्हणाला, "संध्याकाळपर्यंत सापडले तर ठीक. नाहीतर उद्यापासून कात्री दुसरीच्या हातात." एक्कावन्न वर्षांच्या विधवेला दुसरीकडे कोण ठेवणार होतं?

शनिवारी माळ पडली होती या चित्रपटाच्या कॅमेरावाल्याच्या, आन्सेल्म रूव्रेलच्या गळ्यात. माणूस तोंडातला पाइप झोपेतच काय तो काढायचा, आणि फिल्म तर ठिणगीने भडकते. लेओंतीन अंगावरच्या अ‍ॅप्रनसकट धावत सुटली.

रूव्रेल घरी सूप पीत बसला होता.

"माळ! माळ कुठाय?" तिला धाप लागली होती.

"बसा तर, मादाम! काय झालं?"

"जाळलीत ना? सांगून टाका एकदाचं!"

"जाळीन कशाला?" तो चक्क लाजला. "एकवीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलंत माझं. चित्रपटातले नव्हे, चाचणीचे जादा तुकडे असतील म्हटलं, पण बरोबर सगळ्यात झकास अकरा निवडलेत!"

त्याच्या बायकोने फडताळातून बिस्किटांचा डबा काढला. आत, स्वच्छ रुमालात, अकराच्या अकरा.

लेओंतीन धपकन खुर्चीत बसली. "कौतुक म्हणे! मूर्ख कुठला," म्हणाली आणि हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्याच्याच वाडग्यातलं सूप संपवून उठली.

चारच्या आत तुकडे जागच्या जागी चिकटले. प्रत्येक जोडाला फिल्मची एकेक चौकट गेली म्हणून वोक्लँ कुरकुरला, तिने ऐकून घेतलं. आज ऐकून घेणं भाग होतं.

नव्या प्रतीत नवरा किनाऱ्यावर विरघळत गेला, तेव्हा लेओंतीनने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

"बरं आहे," ती म्हणाली. "पण पुढच्या खेपेला डब्यावर लिहीत जा. मुद्दाम बिघडवलंय म्हणून."

वोक्लँने तिथल्या तिथे पेन्सिल काढली.