दगडाखालचं पाणी

ही गोष्ट माझ्या घरातसुद्धा कुणाला ठाऊक नाही. सांगायला बसलो की ओठांवर आधी फुशारकीच येते — मग तिथूनच सुरुवात केलेली बरी.

बी.ए. झालेला आमच्या गावातला मी पहिलाच. नागपूरला कॉलेजात निघालो, तेव्हा माझी पत्र्याची पेटी मूल गावच्या स्टेशनापर्यंत डोक्यावर वाहून नेली ती तुळशीरामभाऊंनी. ते ढिवर, तलावातल्या मासळीवर जगणारे, आम्ही धानवाले. नातं काहीच नाही. ‘आपल्या गावचा पोरगा’ — एवढं कारण त्यांना पुरलं.

कॉलेजात तर्कशास्त्राच्या सरांनी एकदा सांगितलं, की ऐकणाऱ्याला पटतं ते तीन वाटांनी. बोलणं मुद्देसूद असलं की पटतं. ऐकणाऱ्याचं काळीज हललं की पटतं. आणि बोलणारा माणूस विश्वासाचा वाटला की पटतं. कुण्या जुन्या ग्रीक पंडिताचा हा विचार. मला तो इतका आवडला, की सुट्टीत आलो की मूलच्या बाजारात भाजीवाल्या बायांची घासाघीससुद्धा मी त्या तीन वाटांत बसवून बघत असे.

बी.ए. होऊन परतलो त्याच वर्षी हस्ताचा पाऊस दगा देऊन गेला. धान निसवलेलं, लोंबीत दूध भरायचं होतं, आणि बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, भेगा पडल्या होत्या. तलावात पाणी होतं. पण तलावाच्या मधोमध एक उभा दगड आहे — पाणी उतरत त्याच्या डोक्याला टेकलं, की तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, बंद करायचं. खालचं पाणी मासळीचं. हा गावचा जुना नेम. पूर्वी तलावाचा मालक मालगुजार बोलला की विषय संपे. मालगुजारी नुकतीच गेली होती, तलाव सरकारजमा झाला होता, आणि चांद्याच्या जिल्हा कचेरीतून हुकूम येईपर्यंत धानाचं वाळून तणस झालं असतं. म्हणून गाव तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलं. धानवाल्यांनी बोलायला मला उभं केलं.

काय बोललो मी! आजही आठवलं की छाती भरून येते, खोटं कशाला सांगू? आधी म्हणालो, या तलावाचं पाणी पिऊन मी शिकलो, मी कुणा एका बाजूचा नाही. मग दूध न भरलेली एक लोंबी हातात घेऊन म्हाताऱ्या बायांपुढे धरली. बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. दोन वाटा झाल्या. राहिला मुद्दा.

तेवढ्यात पाटलांनी विचारलं, “पण बाबू, दगडाखालचं पाणी आधी कधी सोडलं हाये का कोनं?”

नव्हतं सोडलं. निदान मला ठाऊक नव्हतं. इथे मी बसायला हवं होतं, नाही का?

मी तुळशीरामभाऊंकडे वळलो. म्हणालो, यांनीच मला लहानपणी याच पाळीवर सांगितलं होतं — यांच्या वडिलांच्या वेळी एकदा सोडलं होतं, आणि पुढच्या वर्षी मासळी पुन्हा भरपूर झाली होती.

असं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मी ते रचलं. आवाज जरासुद्धा कापला नाही.

भाऊंनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. मी वाट पाहत होतो — ‘खोटं आहे’ म्हणतील, म्हणून. ते म्हणाले, “मले तं याद नाई ब.”

त्यांची बायको गंगाबाई मागून बोलली, “तुमाले काय याद राह्यते? काल जाळं कुठी ठेवलं थे तरी सांगा!”

सगळं गाव हसलं. भाऊही हसले. मग म्हणाले, “सांगतलं असन मीनं. शिकलेला पोरगा खोटं काऊन बोलन?”

तुडूम उघडलं. धान पिकलं. लोकांनी मला गुलाल लावला. उन्हाळ्यात तलावाचा चिखल झाला, मासळी मेली, आणि ढिवरांची घरं जाळी खांद्यावर टाकून वैनगंगेकडे गेली. तुळशीरामभाऊ जाताना माझ्या दारी येऊन गेले. रागाने नव्हे — मला शाळेत मास्तरकी मिळाली होती, त्याचा आनंद सांगायला.

तिसरी वाट, विश्वासाची, सगळ्यांत जबर, हे मला तेव्हा कळलं. ती मी बांधलीच नव्हती. माझी पेटी वाहताना ती त्यांनीच बांधली होती, आणि मी तिच्यावरून त्यांच्याच घरात शिरलो.

नंतर पाऊस पुन्हा कमी पडला, तेव्हा गाव बसलंसुद्धा नाही. दगडाखालचं पाणी सोडता येतं, हे ठरूनच गेलं होतं. आणि ऐका — नदीवरून गावी येत तेव्हा भाऊ स्वतःच ती गोष्ट सांगू लागले होते. “माह्या बापाच्या टायमाले...” म्हणून. तिच्यात त्यांनी भर घातली होती: बाप तुडमावर बसून कसा रडला, आईने त्याला कसं उठवून नेलं. मी ऐकत असे. एकदाही तोंड उघडलं नाही. वर्गात मात्र दरवर्षी त्या तीन वाटा शिकवतो, त्या भाषणाचा दाखला देतो, तेवढं एक वाक्य गाळून. मुलं टाळ्या वाजवतात. मला बरं वाटतं.

भाऊ गेले. गेल्या उन्हाळ्यात पाळीवर त्यांचा मुलगा मारोती भेटला. तोही आता वैनगंगेवरच जातो. तलावात दगड पायथ्यापर्यंत उघडा पडला होता. मारोतीने त्याच्याकडे बोट दाखवून मला आपल्या आज्याची गोष्ट सांगितली — पहिल्यापासून, त्या रडण्यासकट. मग विचारलं, “तुमाले तं माहीतच असन, गुरुजी?”

“हो,” मी म्हणालो. “तुझ्या बापाकडूनच ऐकली.”