मागं कोण बसतंय?

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो, कारण सांगताना मीच उघडा पडतो.

निपाणीत हायवेलगत एकाचं टायरचं दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी मी हौसेनं घेतली होती आणि तिला मोठ्या, चकचकीत अलॉय रिम बसवायच्या होत्या. त्यानं रिमकडं पाहिलंच नाही. "मागं कोण बसतंय, अण्णा?" एवढंच विचारलं.

"बायको. मणक्याचं ऑपरेशन झालंय तिच्या."

चपला बाहेर काढून तो मागच्या सीटवर जाऊन बसला आणि त्यानं मला गाडी कोगनोळीकडं घ्यायला लावली. प्रत्येक गतिरोधकाला तो डोळे मिटून स्वतःच्या कमरेवर हात ठेवायचा. उतरल्यावर म्हणाला, "मोठ्या रिमला टायर पातळ येतंय. धक्का सगळा वैनींच्या पाठीत. हाय त्याच रिमला चारीबी टायर जाड घालू. दिसायला लई भारी न्हाय, पण झोप लागंल त्यास्नी."

मी हसलो आणि मोठ्याच रिम बसवून घेतल्या.

बेळगावला दवाखान्यात जाताना बायको दर खड्ड्याला उशी घट्ट धरायची. एकदा तिनं विचारलं, "ही चाकं कुणी सुचवली हो?"

"दुकानदारानं," मी म्हणालो.

"त्याच्या घरात कुणाची पाठ दुखत नसंल बघा," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"त्यानं तुझ्यासाठीच नको म्हटलं होतं गं, मीच ऐकलं नाही," एवढं वाक्य ती जाईपर्यंत माझ्या तोंडून निघालं नाही.