गुडघ्याएवढे केस, पाठीवर सॅक

"आधी वेणी, मग बाकी."

असं म्हणत त्या दोन्ही हात मानेमागे न्यायच्या. समोर कुणी रक्ताळलेला अंगठा धरून उभा असला तरी. "मरत नाय तू. दाबून धर," असं त्याला बजावायच्या, वेणीचं वेटोळं पांढऱ्या टोपीत कोंबायच्या, आणि मग अशा चपळाईने पट्टी बांधायच्या की तो माणूस आपलं दुखणं विसरून त्यांच्या हातांकडे बघत बसायचा.

शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात प्रथमोपचाराची एक छोटी खोली होती. तिथल्या त्या नर्स. त्यांना नाव होतं, पण इतक्या वर्षांत ते फक्त हजेरीपटावर उरलं होतं. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही म्हणायचे. वय चोपन्न, उंची बेताची, आणि केस गुडघ्यापर्यंत. काळ्यापेक्षा पांढरेच जास्त. नव्याने कामाला लागलेल्या मुली पहिल्या आठवड्यात डोकं दुखतंय म्हणून त्या खोलीत जायच्या, ते कशासाठी हे तुमच्या लक्षात आलंच असेल. सिस्टरच्याही यायचं. त्या गोळी द्यायच्या नाहीत. टोपी काढून वेणी खाली सोडायच्या आणि म्हणायच्या, "बघितली? जा आता कामाला."

मी तिथे माल तपासणाऱ्या विभागात होते. पत्र्याच्या धारेने एकदा बोट कापलं आणि मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. पट्टी बांधून घेता घेता सांगून टाकलं, "सिस्टर, होळी झाली की मी नोकरी सोडतेय. चार महिने फिरणार. पाठीवर सॅक घ्यायची आणि हिमाचल गाठायचं. पुढचं पुढे."

त्यांचे हात थांबले. "एकटी?"

"एकटीच."

"मला नेशील?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. महिन्याभरात त्यांचंही काम संपणार होतं, कारण ती खोली बाहेरच्या लोकांकडे सोपवली जाणार होती. लग्न केलेलं नव्हतं. मुकुंदवाडीत भावाच्या घरी राहायच्या, भाचरं त्यांच्याच हाताखाली मोठी झालेली. "लई वर्षं जखमा बांधल्या गं," त्या म्हणाल्या. "आता वाट बघायचीय. वाट म्हंजे रस्ता म्हणतेय मी."

मला त्यांच्या वयाची काळजी नव्हती. सबंध पाळी उभ्याने काढणारी बाई. काळजी होती ती केसांची. घरातही तेच चाललेलं. भाऊ म्हणाला, "अक्का, जायचं तर जा, पण हे कापून जा. डोंगरात कोण धुणार तुझे केस?"

"आत्तापोत्तर कोण धूत होतं?" सिस्टरनी विचारलं. विषय तिथेच मिटला.

पण मनातून त्यांनाही प्रश्न पडला असावा, कारण पुढच्याच रविवारी त्यांनी मला गच्चीवर बोलावून घेतलं. दोन बादल्या पाणी, एक मग आणि माझ्या हातात मोबाइल. "वेळ लाव," म्हणाल्या. नेहमीच्या पद्धतीने नहायला पावणेदोन बादल्या पाणी आणि पाऊण तास लागला. वाळायला सहा तास. मी म्हटलं, "सिस्टर, एवढं पाणी तर तिथे चार माणसांना मिळतं."

"मग कमी करू की."

त्यानंतर तीन रविवार आमचे प्रयोग चालले. शाम्पू पाण्यात कालवून बाटलीत भरायचा, बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोकं पाडायची आणि नेमकं टाळूवर सोडायचं. खालच्या केसांना वेगळं काही चोळायचं नाही, वरून उतरणारा फेस त्यांना पुरतो. धुतल्यावर झटकायचं नाही, सुती पंच्यात दाबून पिळायचं. तिसऱ्या रविवारी सिस्टर नऊ मगात नाहून उठल्या आणि ओल्या केसांनिशी गच्चीभर अशा फिरल्या की शेजारच्या गच्चीवरच्या बाईने पापड वाळत घालायचे थांबवून विचारलं, "काय हो, लॉटरी लागली का?"

नियमही ठरला. ज्या गावात दोन दिवस मुक्काम, तिथेच नहायचं, तेही सकाळी. ओले केस बांधून बसमध्ये बसायचं नाही, कुबट वास मारतो.

मग सॅकची परीक्षा. दौलताबादचा किल्ला आम्ही पाठीवर दहा-दहा किलो घेऊन चढायला घेतला. सिस्टरनी नेहमीसारखा मानेवर अंबाडा घातलेला. पन्नास पायऱ्यांत कळलं की अंबाडा सॅकच्या वरच्या टोकाला टेकतो आणि डोकं पुढे ढकलतो. त्या थांबल्या. "मान खाली घालूनच चालायचं असतं, तर सासरीच नसते का गेले?" अंबाडा सोडला, वेणी मोकळी टाकली. आता वेणी पट्ट्यात अडकून दर पावलाला हिसका देऊ लागली. शेवटी एका पायरीवर सॅक उतरवून त्या बसल्या. केसांचे दोन भाग केले, दोन वेण्या घातल्या, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे अशा डोक्यावरून आडव्या नेऊन आकड्यांनी बसवल्या आणि वरून ओढणी गच्च बांधली. उठून मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आभाळाकडे करून पाहिली. "जमलं!" एवढ्या मोठ्याने ओरडल्या की खालून येणारी शाळेची सहल जागच्या जागी थांबली. मुलींनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतले. वर जाऊन आल्यावर सहलीसोबतच्या एका बाईंनी तर ती वेणी पुन्हा घालून दाखवायला लावली.

शेवटची खरेदी गुलमंडीत. एक मलमलीचा रुमाल, दोन पंचे आणि बारीक दातांची लाकडी फणी. दुकानातले चाचा म्हणाले, "आपा, इत्ते बालां लेके पहाड़ पो जारे?"

"बालां मेरे, पहाड़ सबका," सिस्टर म्हणाल्या. चाचांनी हसून दोन रबरबँड वरून दिले.

आणि आम्ही निघालो! एप्रिलच्या सुरुवातीच्या एका सकाळी गाडीने स्टेशन सोडलं तेव्हा सिस्टर दारात उभ्या होत्या, डोक्यावर दोन वेण्यांचा मुकुट, आणि परभणीहून आलेल्या एका अनोळखी कुटुंबाला आपला बेत सांगत होत्या.

प्रवासात मी वाट दाखवणार आणि त्या मागून येणार, असा माझा समज होता. झालं उलटंच. जिथे जाऊ तिथल्या बायका आधी त्यांच्याशी बोलायच्या. सुरुवात नेहमी केसांनी व्हायची. कुणी अक्रोडाच्या सालीचं पाणी सुचवायची, कुणी जर्दाळूचं तेल हातावर घालायची. तासाभरात त्या बाईची गुडघेदुखी, सुनेचं बाळंतपण, सासऱ्याचा रक्तदाब, सगळं सिस्टरपुढे आलेलं असायचं. आम्हाला चहा फुकट, जेवण फुकट आणि उठू म्हटलं तर उठू देत नसत. एका उंचावरच्या गावात त्यांनी नियम मोडून संध्याकाळी केस ओले केले, तर सकाळी वेणीचं टोक गारठून काठीसारखं कडक झालं. घाबरण्याऐवजी त्यांनी ते टेबलावर टकटक वाजवून दाखवलं आणि स्वतःच हसून लोटपोट झाल्या.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी मात्र गाडं अडलं.

आम्ही किन्नौरमधल्या एका छोट्या गावात, एका घरात खोली घेऊन राहिलो होतो. पलीकडच्या खोऱ्यात जाणारी खिंड बर्फ हटून नुकतीच उघडली होती आणि गुरुवारी पहिली जीप जाणार होती. ती खिंड म्हणजे माझ्या सगळ्या प्रवासाचं कारण. बुधवारी सकाळी उन्हात बसून केस विंचरताना सिस्टर एकदम थांबल्या. फणी माझ्यासमोर धरली. फणीत उवा होत्या.

आधीच्या मुक्कामी आम्ही एका मोठ्या खोलीत दहा-बाराजणींसोबत झोपलो होतो. तिथूनच आल्या असाव्यात.

"अशा डोक्यानं जीपमध्ये लोकांच्या खांद्याला खांदा लावून बसणार नाय मी," त्या म्हणाल्या. "दर तिसऱ्या दिवशी विंचरायचं. दोन आठवडे. मग पुढं."

"दोन आठवडे? जीप उद्या आहे, सिस्टर!"

त्यांनी फणी फडक्यावर झाडली. आणि मी, आज आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं, आत जाऊन घरमालकिणीकडून कात्री घेऊन आले. "खांद्यापर्यंत करू. अर्ध्या तासाचं काम आहे. केसच तर आहेत, पुन्हा येतील."

सिस्टरनी कात्रीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. कारखान्यात तुटलेलं बोट बघतानाही त्या अशा पांढऱ्या पडल्या नव्हत्या.

"देवगाव रंगारीला होते मी, नऊ वर्षांची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डोक्यात उवा झाल्या. चुलतीनं धरून अंगणात बसवलं आन् मुळापासनं कापले. मी रडत होते तर घरातले हसत होते. वर्षभर टॉवेल गुंडाळून शाळेत गेले. केस गेल्याचं काय नाय गं, केस आले. पण मला कुणी इचारलं नव्हतं. एवढंच." मग म्हणाल्या, "तू जा. तुझी खिंड उघडलीय. माझ्यापायी नको राहू."

आणि मी गेले. खोटं कशाला सांगू? राग होता, हट्ट होता. खिंड पाहिली, बर्फाच्या दोन भिंतींमधून जीप गेली, निळं आभाळ इतकं जवळ की हात लावावा. जन्मभर वाट पाहिलेलं ते दृश्य, आणि "बघा, सिस्टर!" म्हणायला शेजारी कुणी नाही. तीन दिवसांचा बेत होता. दुसऱ्या दिवशीच परतीची जीप पकडली.

वाटभर मला वाटत होतं, त्या खोलीत एकट्या तोंड लपवून बसल्या असतील. अंगणात पाऊल टाकलं आणि थबकले.

अंगणात जत्रा भरली होती! आठ-दहा बायका पायऱ्यांवर एकीमागे एक अशा बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर पांढरं फडकं, हातात कंगवा, पुढचीचं डोकं तेलाने चिप्प. वरच्या पायरीवर सिस्टर, मोकळे केस तीन पायऱ्या खालपर्यंत उतरलेले, आणि त्या हुकूम सोडत होत्या, "मुळापासून ओढो! फडके पे झाडो! शरमाना नहीं!"

घरमालकिणीने मला सगळं सांगितलं. मी गेल्यावर सिस्टरनी सरळ नळावर जाऊन जाहीर केलं होतं, "मेरे सर में जूं हुई है. और किस-किस के है, बोलो." सगळ्या आपापल्या हंड्यात बघू लागल्या. मग शेजारच्या सुनेने हात वर केला. मग तिच्या नणंदेने. ज्या गोष्टीची घराघरांत लाज होती, तिचा दोन दिवसांत सण झाला होता. कुणी खायला आणत होतं, कुणी गाणं म्हणत होतं.

सिस्टरनी मला पाहिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात करून पायरीवर यायला सांगितलं, आधी माझंच डोकं ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या पण हायेत. आखूड केस म्हनून त्या लाजत नसतेत." सगळं अंगण हसलं. मग त्यांनी ती फणी माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवून बसल्या.

"घे. मागचं मला दिसत नाय."

मी विंचरायला लागले. एक बट, मग दुसरी, मुळापासून टोकापर्यंत. ऊन डोंगरामागे गेलं तरी निम्मंसुद्धा झालं नव्हतं. एवढे केस चोपन्न वर्षांच्या एका बाईने दोन महिने डोंगरातून वाहून आणले आणि एकदाही ओझं म्हटलं नाही, हे मला त्या दिवशी हातांनी कळलं. दोन आठवडे आम्ही तिथेच राहिलो. शेवटच्या फेरीत फडकं कोरं निघालं तेव्हा सिस्टरनी ते झेंड्यासारखं काठीला बांधून अंगणात उभं केलं. मग आम्ही दोघी खिंडीवर गेलो. बर्फाच्या भिंतींमध्ये त्यांनी जीप थांबवायला लावली, ओढणी सोडली, आकडे काढले, आणि वारा सुटलेला असताना केस मोकळे सोडून उभ्या राहिल्या. जीपवाला म्हणाला, "माताजी, देर हो रही है." त्या म्हणाल्या, "होने दो!"

ऑगस्टमध्ये मला नवी नोकरी मिळाली आणि परतायची वेळ आली. दोघींची तिकिटं काढायला बसले तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "माझं नको काढू." भावाचे फोन येत होते, घर अडलंय म्हणून. "पंचवीस वर्षं चालवलं. आता चालवतील की ते," एवढंच म्हणाल्या.

आज मी पुन्हा शेंद्र्यालाच आहे, दुसऱ्या कारखान्यात. सिस्टर शहरात नाहीत. कधी महिन्याने, कधी तीन महिन्यांनी फोन येतो. कुठल्याशा डोंगरगावात हंगामापुरतं दवाखान्यात काम करतात, मग सॅक उचलून पुढे. आवाज इतका खुशीत असतो की मला माझ्या जागेवर बसवत नाही.

ऑगस्टमधल्या त्या निरोपाच्या सकाळी बसस्थानकात मी त्यांना पोचवायला गेले होते. आधी त्यांची बस, नंतर माझी. सॅक वर चढवली, त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि चढल्या. बस हलली तशी मी खिडकीखालून धावत निघाले, हात हलवत, पहिल्यांदाच त्यांच्या खऱ्या नावाने हाका मारत. त्यांनी पाहिलंच नाही. शेजारी बसलेल्या बाईने आपलं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं होतं, आणि त्या त्याचा घसा बघण्यात गुंग होत्या.