शेवटी वाढलेलं पान

सिंदी मेघेच्या छायाला तुम्ही ओळखत नसाल, पण तिच्या पद्धतीची सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, कदाचित तुमच्या घरी झाली असेल. पुण्यात, सुरतेत, पार दुबईत जाऊन बसलेल्या वैदर्भीय सुना तिचा ब्लॉग उघडून वड्या तळतात. ब्लॉगचं नाव ‘मायच्या हातचं’. अहो, बारावी शिकलेली बाई! जन्म वडनेरचा, शेतकऱ्याच्या घरचा. लग्न होऊन सिंदी मेघेत आली. नवरा धनंजय, त्याचं हार्डवेअरचं दुकान. पोरगी रक्षा नोकरीला पुण्याला गेली आणि तिथून रोज फोन, आई गोळाभात कसा करायचा, आई पाटोडी फुटते काऊन. छाया लिहून पाठवायची. त्या लिहिलेल्याचाच रक्षानं ब्लॉग केला.

पण छायाचं एक दुखणं होतं. पुरणाचा घाट ती बोलता बोलता उरकायची, आणि चार ओळी लिहायला बसली की तिला घाम फुटायचा. एक लेख पंधरा-पंधरा दिवस चालायचा. सुरुवात कुठून करावी हेच कळायचं नाही. ‘सर्वप्रथम’ लिहून ती तासभर खिडकीबाहेर बघत बसे.

दिवाळीला रक्षा आली आणि तिनं आईच्या मोबाइलवर एआय घालून दिलं. ‘‘याला फक्त विषय सांग. आधी आराखडा मागायचा. मथळे पटले की म्हणायचं, आता एकेकाखाली मसुदा लिही. मग तू वाचायचं आणि चुका काढायच्या. एवढंच.’’

छायानं विषय दिला, उन्हाळी वाळवणातल्या खारोड्या. बाप्पा रे बाप्पा! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच प्रस्तावना, साहित्य, कृती, टिकवण्याच्या युक्त्या, घरची एक आठवण, समारोप, सगळं ओळीनं हजर. बाई हरखून गेली. पंधरा दिवसांचं काम एका दुपारी व्हायला लागलं.

ती काही आंधळेपणानं छापत नव्हती, हेही सांगायला हवं. ते यंत्र मोठं गोडबोलं. दिसेल त्या भाजीत नारळ घालायचं. ‘‘अरे बाबा, आमच्याकडं नारळ देवाले फोडतात, भाजीत नाई घालत,’’ असं ती मोबाइलला खरोखर रागवायची. मिठाची चिमूट, तेलाचा चमचा, तिखटाचा रंग, सगळं ती काट्यावर तोलल्यासारखं तपासायची. फक्त ‘घरची आठवण’ या मथळ्याखालचं तपासताना तिचा हात सैल पडे. आठवणीनं कुणाची वडी थोडीच बिघडते?

आणि मग आला ज्वारीच्या भाकरीचा लेख.

त्यात यंत्रानं लिहिलं, ‘माझी आई सर्वांना पोटभर वाढायची. सगळ्यांची जेवणं झाली की चुलीपाशी बसून उरलेल्या, करपलेल्या तुकड्यावर ती रात्र काढायची. विचारलं तर हसून म्हणायची, माझं झालंय.’

आता छायाची माय, यशोदाबाई, दोन वर्षांपूर्वी गेली ती कशी बाई होती ते ऐका. अंगानं भरलेली, आवाजानं खणखणीत. घरात पहिलं जेवायची ती. देवाला निवद दाखवला की दुसरं ताट तिचं. सासू असतानाही तिचं, नसतानाही तिचं. ‘‘भुकेल्या हातानं वाढलं का हात आखडते,’’ म्हणायची आणि दोन भाकरी, वर झुणका, तोंडी लावायला कांदा, असं नीट मांडी घालून जेवायची. मग उठून जे वाढायला लागे, ते समोरच्याला नको नको करून सोडे. वडनेरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत. हावरी यशोदा, असं नावच पडलं होतं. छायाच्या लग्नात तर तिनं कहर केला. वऱ्हाडाची पंगत बसायच्या आधी मुलीच्या आईनं मागच्या खोलीत जेवून घेतलं! ही गोष्ट छायाच्या सासरी वर्षानुवर्षं चवीनं सांगितली गेली, आणि दर वेळी छायाला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

म्हणून सांगतो, तो परिच्छेद तिनं नजरचुकीनं सोडला असं कुणी समजू नये. तिनं वाचला. खोटं आहे हे तिला पहिल्या ओळीतच कळलं. खोडायला बोटही उचललं होतं. पण ते वाक्य किती साजरं दिसत होतं! अशी माय चारचौघांत मिरवायला किती बरी! बोट खाली आलं आणि लेख गेला.

गेला तो गाजला. वाचणाऱ्यांनी खाली लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं, माझीही आई अशीच, नमन त्या माउलीला. वडनेरहून भाऊ प्रफुलचा फोन आला. त्यानं लेख सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. प्रफुल लहानपणापासून हॉस्टेलात, पुढं नोकरीला बाहेर, माय गेल्यावरच बायकापोरं घेऊन वडनेरला परतलेला, त्याला काय ठाऊक. ‘‘ताई, काय लिवलं तू! मायची आठवण करून रडलो मी,’’ म्हणाला. छाया गप्प राहिली. खरं सांगायचं तर तिला गुदगुल्याच झाल्या.

दोन महिन्यांनी भावजय नलूचा फोन आला.

‘‘ताई, बाबा संध्याकाळचं जेवूनच नाई राह्यले.’’

‘‘काऊन? दुखते का काई?’’

‘‘दुखत नाई. सगळ्याइचं होऊ दे म्हणते, मंग बसते. अन् मले इचारते, करपलेली भाकर हाय का? नसन त राहू दे म्हणते अन् पाणी पेऊन झोपते. तुमचा थो लेख आईकला तवापासून. रोज वाचून दाखवाले लावते मले. मी वाचणं बंद केलं त आता सोतःच म्हणते, पाठ झाला त्याइले.’’

मोबाइल छायाच्या कानालाच होता, पण नलू पुढं काय बोलली ते तिला कळलं नाही. ब्याऐंशी वर्षांचा बाप! चंद्रभान पाटील म्हटलं की अजून लोक उभे राहतात. तो माणूस करपलेली भाकर मागतो! कशासाठी? तर एका यंत्रानं रचलेल्या आणि आपण जाणूनबुजून सोडलेल्या तीन ओळींसाठी. तिनं त्याच घडीला लेख ब्लॉगवरून काढून टाकला. पण म्हाताऱ्याच्या डोक्यातून तो कोण काढणार? बाबांना फोनवर ऐकू येत नव्हतं, आणि नलूकरवी सांगायला तिला धीर होईना. अक्षय तृतीया चार दिवसांवर होती. समोर बसूनच सांगू, असं ठरवून ती सणाच्या सकाळी हिंगणघाटवरून वडनेरला गेली.

बाबांना पाहिलं आणि तिच्या तोंडून ‘‘अगं माय!’’ निघून गेलं. सदऱ्यात माणूस होता की नुसत्या काठ्या होत्या! मनगटं बोटभर राहिली होती. ते मात्र लेकीला बघून हसले आणि म्हणाले, ‘‘चांगलं लिवलं तू, बाई. मले कोणी सांगतलंच नव्हतं.’’

घरात पित्तराची घाई चालली होती, आमरस निघाला होता, वडे तळणं सुरू होतं. जेवणं झाली की सांगू, असं छायानं स्वतःला समजावलं.

आमच्याकडं अक्षय तृतीयेला पित्तर, म्हणजे घरातली गेलेली माणसं, जेवू घालतात. पित्तराचं पान सगळ्यांच्या आधी वाढायचं, त्या पानावर कुणाला तरी बोलावून बसवायचं, आणि त्यानं घास घेतल्याशिवाय घरातल्यानं तोंड उष्टं करायचं नाही. यशोदाबाई नवऱ्याआधी गेली, म्हणून तिच्या पानावर सवाष्ण. शेजारची पंचफुलाकाकू आली होती, यशोदाबाईच्या बरोबरीची, डोक्यावर पदर घेऊन पानावर बसली. नलूनं पुरणपोळीचं ताट उचललं.

‘‘थांब नलू,’’ बाबा म्हणाले. ‘‘तिचं पान शेवटी.’’

नलूनं ताट खाली ठेवलं. प्रफुल म्हणाला, ‘‘बाबा, असं नसते. पित्तराचं आधी असते.’’

‘‘जितेपणी शेवटी जेवली थे. आता मेल्यावर आधी बसवून कोणाले दाखवता? आधी पोराइले वाढा, मंग तुमी घ्या. उरलं त तिले.’’

असं कुणी कधी ऐकलं होतं का? पित्तर उपाशी बसवून घरच्यांनी जेवायचं! पंचफुलाकाकू कोऱ्या पानापुढं डोळे वटारून बसून राहिली. छाया ओरडलीच, ‘‘बाबा, माय आधी जेवे! सगळ्याइच्या आधी! मी माह्या डोयानं पाह्यलं.’’

बाबांनी तिच्याकडं शांतपणे पाहिलं. ‘‘मी कुठं पाह्यलं? मी वावरातून येओ त थे म्हणे, माहं झालं. मी पाटावर बसो, थे वाढे. झालं म्हणते म्हणजे झालं असन. खरंच जेवली का, एक डाव इचारलं नाई मी. एवढा संसार झाला, एक डाव नाई.’’ त्यांचा आवाज फाटला. ‘‘तू लिवलं तवा मले समजलं.’’

‘‘मी नाई लिवलं थे! मशीननं लिवलं. मोबाइलमधल्या मशीननं.’’

‘‘त्या मशीननं तुया मायले पाह्यलं होतं का?’’

‘‘नाई, बाबा.’’

‘‘मंग ‘माहं झालं’ म्हणे थे, हे त्याले कसं समजलं?’’

खरंच की! हे छायाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मायचे शब्द, जसेच्या तसे, त्या यंत्राला कुणी सांगितले? ती म्हणाली, ‘‘थे सगळ्याच मायबद्दल असंच लिवते, बाबा.’’

‘‘मंग सगळ्याच माया उपाशी जाते का?’’

छायानं पंचफुलाकाकूचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. ‘‘काकू, तुमी सांगा. तुमी त रोज येत होत्या घरी. माय कवा जेवे?’’

काकूनं पदर पुढं ओढला. एकदा बाबांकडं पाहिलं, एकदा कोऱ्या पानाकडं. ‘‘यशोदा ना? शेवटीच जेवे बिचारी,’’ ती म्हणाली.

छायाला कुणी कानशिलात लगावल्यासारखं झालं. ‘‘काकू! तुमीच त तिले हावरी म्हणत होत्या!’’

हावरी! पित्तराच्या दिवशी, तिच्याच पानासमोर, तिच्याच लेकीनं! नलूनं कपाळाला हात लावला.

‘‘म्हणो,’’ काकू हळूच बोलली. ‘‘पण मेलेल्या बाईच्या पानावर बसून तिचं वाईट कसं बोलू, माय? लोक आता तिले चांगलं म्हणून राह्यले. म्हणू दे ना.’’

‘‘बाबा जेवून नाई राह्यले काकू, त्या चांगल्यापाई! पाहा त्याइचे हात.’’

काकूला हे ठाऊकच नव्हतं. तिनं मान वळवून त्या मनगटांकडं पाहिलं आणि बघतच राहिली. मग डोक्यावरचा पदर नीट केला.

‘‘चंद्रभानभाऊ,’’ ती म्हणाली, ‘‘यशोदा आधी जेवे. पोटभर जेवे. मी पाह्यलं, अख्ख्या गल्लीनं पाह्यलं. आमी हासो तिले. आमच्या सासवाइनं ठेवलं थे उरलंसुरलं आमी खाओ ना, भाऊ, म्हणून हासो. एक दिवस तिनं मलेही बसवलं आपल्यासंगं. बस म्हणे पंचफुला, कोणाले भेते? मी घाबरून पळून आली.’’

बाबांचे ओठ हलत होते, जणू ते काहीतरी मनातल्या मनात ताडून पाहत होते. मध्येच त्यांनी विचारलं, ‘‘कांदा घे का संगं?’’

‘‘अख्खा. मुठीनं फोडून.’’

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. छातीवरचा धोंडा कुणी उतरवावा तसा लांब श्वास सोडला. छायाला वाटलं, सुटली मी. तिला रडू फुटणार तोच बाबांनी डोळे उघडले आणि थेट तिच्याकडं पाहिलं.

‘‘मंग तू काऊन राहू देलं थे? तुले त माहीत होतं.’’

मशीन, रक्षा, घाई, सगळी उत्तरं तिनं गिळली. इतक्या माणसांदेखत ती म्हणाली, ‘‘मले लाज वाटे, बाबा. मायची.’’

‘‘तिले नाई वाटली कधी,’’ बाबा म्हणाले. मग नलूकडं वळले. ‘‘वाढ व बाई. आधी तिचं पान.’’

नलूनं पंचफुलाकाकूला पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. काकूनं घास घेतला. लागलीच बाबांनी आपलं पान पुढं ओढलं आणि वडा मोडला. ते भराभर जेवत होते, आमरसाचे ओघळ मनगटावरून खाली येत होते. प्रफुल बसला, पोरं बसली. दाराच्या चौकटीला धरून छाया उभी होती. नलू दोनदा म्हणाली, ‘‘ताई, बसा ना.’’ बाबा एकदाही म्हणाले नाहीत.